खऱ्या कारणांचा रकाना

१८ नोव्हेंबर, मंगळवार. भाईंदर पूर्व

परवा निघायचं. बॅगा भरून झाल्या, म्हणजे नीलमने भरल्या आणि चेन लागेना म्हणून मी त्यांच्यावर बसलो. संसारात माझं वजन एवढ्याच कामाला येतं असं ती म्हणाली. तेरा दिवसांची यात्रा आहे : सारनाथ, बोधगया, राजगीर, कुशीनगर, लुंबिनी, श्रावस्ती. विहारातली अडतीस माणसं, एक आचारी आणि दोन मोठे कुकर.

मला काळजी कॉम्प्युटरची. शाळेच्या ऑफिसातून निवृत्त झाल्यापासून, म्हणजे अकरा वर्षं, विहारातलं वधू-वर सूचक केंद्र मी चालवतो. रविवारी दहा ते एक. सहाशे बारा स्थळं घरच्या कॉम्प्युटरवर एका फाइलमध्ये आहेत. बसमधल्या निम्म्या माणसांच्या घरी कोणीतरी लग्नाचं आहे, ती मला शांत बसू देणार नाहीत. म्हणून स्टेशनजवळच्या प्रितमला बोलावलं. त्याचं मोबाइल-कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. त्याने फोल्डर शेअर करून दिला. कॉम्प्युटर घरी चालू राहणार आणि मी बसमध्ये फोनवर फाइल उघडणार, तिच्यात लिहिणारही. "काका, पासवर्ड डालू क्या? सेफ राहील," त्याने विचारलं. म्हटलं, "नको रे बाबा, हलत्या बसमध्ये चष्मा शोधू की पासवर्ड आठवू?" तो म्हणाला, "जैसा तुम्ही बोलाल."

माझ्या फाइलमध्ये दोन रकाने असे आहेत की ते दुसऱ्या कोणत्याही केंद्रात नसतील. इतर लोकांना पत्रिकेचा आडोसा असतो. नको असेल तर पत्रिका जुळत नाही म्हणायचं, कोणाला लागत नाही. आम्ही बौद्ध, आम्ही पत्रिका बघत नाही, त्यामुळे नकार देताना माणसं फार अडखळतात. ते काम मी करतो. 'सांगितलेले कारण' हा एक रकाना आणि 'खरे कारण' हा दुसरा. पहिला समोरच्यासाठी, दुसरा फक्त माझ्यासाठी. दुसऱ्या रकान्यामुळेच पुढचं स्थळ नेमकं सुचवता येतं. तो मी नीलमलाही कधी दाखवलेला नाही.

चावी समोरच्या दारातल्या स्वप्नालीकडे दिली आहे. तिची आई, अनसूयावहिनी, आमच्याबरोबर येतायत. तिचे वडील, माझा मित्र, गेल्यापासून त्या कुठेच गेल्या नव्हत्या. स्वप्नाली एका लॅबचं काम घरून करते, आमचं आणि त्यांचं वायफायही एकच आहे.

२२ नोव्हेंबर, शनिवार. सारनाथ

स्तूपाभोवती फिरताना पेणकरपाड्याच्या सरूबाईंनी मला बाजूला घेतलं. त्यांचा मुलगा नीरज इंजिनिअर आहे आणि त्याच्यासाठी मी स्वप्नालीचं स्थळ सुचवलंय. यात्रेत दोघी आया एकमेकींना बघतील हा माझाच बेत होता आणि तो छान जमलाय. परवापासून दोघी एका सीटवर, एका शालीत, एकाच डब्यातली शेंगदाण्याची चटणी.

सरूबाई म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही समोर राहता. पोरीचं काय असंल तर आत्ताच सांगा. मागनं कळलं तर म्या कुणाच्या तोंडाकडं बघू?"

मी सांगितलं. नऊ वर्षांची असताना तापात तिला दोनदा फिट आली होती. दोन्ही वेळा मीच तिला उचलून रिक्षात घालून नेलं होतं, वहिनींना तर उभंही राहवत नव्हतं. दोन वर्षं गोळ्या चालू होत्या.

सरूबाईंचा चेहरा उतरला. त्यानंतरच्या अठरा वर्षांत साधी चक्करसुद्धा आलेली नाही, हे सांगायचं राहून गेलं. त्यांनी विचारलंही नाही. विचारलं तेवढं खरं सांगितलं. माझ्यावर लोक विश्वास ठेवतात तो याचसाठी.

२३ नोव्हेंबर, रविवार. बोधगया

आज बसमध्ये सरूबाई पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. अनसूयावहिनी शाल मांडीवर घेऊन एकट्याच. दुपारी जेवणाच्या रांगेत त्यांनी मला हळूच विचारलं, "भावजी, माझं काही चुकलं का हो? काल दुपारपर्यंत तर बोलत होत्या."

मी म्हटलं, "वहिनी, मनाला लावून घेऊ नका. त्यांना सून गोरीच हवी आहे म्हणे."

"बरं," एवढंच म्हणाल्या आणि ताट घेऊन सगळ्यांत शेवटी जाऊन बसल्या. वाईट वाटलं. पण हे कारण लगेच पटतं, पुढे कोणी काही विचारत नाही. स्वप्नालीच्या बाबतीत मी दर वेळी हेच सांगतो.

संध्याकाळी फोनवर फाइल उघडून तिची आठवी ओळ भरली. नीरज, पेणकरपाडा. सांगितलेले कारण : गोरी मुलगी हवी. खरे कारण : फिटचे कळले. बोधगयेत बसून भाईंदरच्या कॉम्प्युटरवर लिहितोय, याचं मोठं कौतुक वाटलं. प्रितमला मनातल्या मनात शाबासकी दिली.

२४ नोव्हेंबर, सोमवार. बोधगया

आज अक्षर वाईट येतंय.

सकाळी यतीन शेजारी येऊन बसला. तो एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागात आहे आणि आई चंपाबाईंना घेऊन आलाय. मी फाइल बघत होतो. त्याने विचारलं, "काका, हे कुठून उघडता?" मी मोठ्या ऐटीत सगळं सांगितलं. त्याने विचारलं, "पासवर्ड?" म्हटलं, ठेवलेलाच नाही. माझ्या फोनवर जो पत्ता दिसत होता तो त्याने स्वतःच्या फोनवर टाकला आणि फोन माझ्यापुढे धरला.

माझी फाइल. त्याच्या फोनवर. सहाशे बारा घरं.

मी हाताने त्याचा फोन झाकला. हे कोणीही करू शकतं का, असं विचारलं. तो म्हणाला, "कोणीही म्हणजे कोणीही, काका. असे उघडे कॉम्प्युटर शोधणारे प्रोग्राम असतात, दिवसरात्र दारं चाचपत फिरतात. माणूस लागतच नाही. आणि तुमच्या वायफायवर जो आहे त्याला तर पत्ताही नको, समोरच दिसेल."

मग म्हणाला, "मी काही वाचलेलं नाही, बरं का." त्याने वाचलं असतं तर? चौतीस वर्षांचा झाला, पाच नकार. पाचही ठिकाणी खऱ्या कारणात मी 'आई फार बोलते' असं लिहिलंय. आणि चंपाबाई पलीकडच्या सीटवरून मला राजगिऱ्याचा लाडू पुढे करत होत्या.

यतीन म्हणाला, "घाबरू नका. घरी कोणाकडे चावी आहे ना? कॉम्प्युटरसमोर बसून शेअरिंग बंद करायचं, पाच मिनिटांचं काम."

मी म्हटलं, "चावी कोणाकडेच नाही."

हे मी का बोललो ते मला माहीत आहे. निघताना फाइल स्क्रीनवर उघडीच ठेवून आलोय. चावी स्वप्नालीकडे आहे.

२५ नोव्हेंबर, मंगळवार. राजगीर

प्रितमला सकाळपासून अकरा फोन केले. बाराव्याला उचलला. बहिणीच्या लग्नासाठी गावी गेलाय, मागे वाजंत्री. "काका, वो दुकान से नहीं होगा. घरी बसूनच करायला लागेल. दस दिन थांबा ना." दहा दिवस.

गृध्रकूटावर सगळे चढले, मी खालीच बसलो. नीलमला वाटलं गुडघे दुखतायत. दर दहा मिनिटांनी फोल्डर उघडून बघत होतो. तीन वाजता उघडला आणि फाइलच्या खाली दुसरी एक फाइल दिसली. नाव म्हणजे नुसती इंग्रजी अक्षरं, कशाचाही अर्थ नाही. सकाळी ती नव्हती.

यतीनला दाखवली. आधी म्हणालो, तूच टाकलीस ना चाचणीला? तो म्हणाला, "नाही काका. उघडू नका. कोणीतरी येऊन गेलंय." त्याने तिथल्या तिथे ती पुसली. आलेल्याने स्थळांची फाइल नेली का, ते कळायला मार्ग नाही म्हणाला. "नेणारा मागे खूण ठेवत नाही."

मला घाम फुटला. नोव्हेंबरातला वारा आणि मला घाम. ही फाइल कोणी विहाराच्या ग्रुपवर टाकली तर? कोणाचा मुलगा पितो, कोणाच्या मुलीचा साखरपुडा का मोडला, कोणाच्या बापाला तुरुंगवास झाला होता, कोणाचं घर मामाच्या नावावर आहे. सगळं माझ्या भाषेत, माझ्या तारखा घालून. मी भाईंदर पूर्वेत कोणत्या रस्त्याने चालू? विहारात कोण मला आत घेईल?

पण खरं लिहायचं तर, त्या सहाशे बारांची भीती एका बाजूला आणि त्यातल्या एका घराची दुसऱ्या बाजूला. माझ्या दारासमोरचं आहे ते. आज बसमध्ये बसून मी मनात दोन्ही तोलत होतो. दोन दिवस फाइल जगासाठी उघडी राहू दिली, पण स्वप्नालीला फोन केला नाही. ती चुकून वाचेल, आईला सांगेल, वहिनी माझं तोंड बघणार नाहीत. चोवीस वर्षांचा शेजार आहे.

२६ नोव्हेंबर, बुधवार. बसमध्ये, वैशालीहून पुढे

आज संविधान दिन. सकाळी बसमध्ये सगळ्यांनी उभं राहून उद्देशिका म्हटली. मी दोनदा चुकलो. नीलमने वळून पाहिलं. पाठ असलेलं मी चुकत नाही.

त्यानंतर यतीनने सीटवरूनच मोठ्याने विचारलं, "काका, मग त्या कॉम्प्युटरचं काय केलं? आज कुठलातरी शेजारी कुलूप तोडून..." मी डोळ्यांनी त्याला गप्प करत होतो, पण तेवढ्यात मागून अनसूयावहिनी म्हणाल्या, "कुलूप कशाला तोडायचं? अहो भावजी, चावी आमच्या स्वप्नालीकडे आहे ना!"

यतीन माझ्याकडे बघतच राहिला.

वहिनींना खूप आनंद झाला होता. गेले तीन दिवस त्या गप्प होत्या, आज पहिल्यांदा त्यांचा आवाज बसभर गेला. "तिला कॉम्प्युटरचं सगळं कळतं हो. फोन लावू का? आत्ता जेवायला उठली असेल." आणि हे म्हणताना त्यांनी पुढे सरूबाईंकडे पाहिलं, लेकीची हुशारी त्यांच्याही कानावर पडावी म्हणून. सरूबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

मी म्हटलं, उद्या करू, इथे नेटवर्क नाही. नेटवर्कच्या चारही काड्या दिसत होत्या.

२७ नोव्हेंबर, गुरुवार. कुशीनगर

झालं. सुटलो. सगळं नीट लिहून ठेवतो.

परवा नेपाळची सरहद्द ओलांडली की आपलं सिमकार्ड चालत नाही, त्यामुळे आज टाळणं शक्यच नव्हतं. धर्मशाळेच्या अंगणात मी, यतीन आणि फोन. वहिनी धुतलेले कपडे वाळत घालायला गेल्या तेवढ्यात लावला.

स्वप्नाली लगेच आमच्या घरात गेली. मी म्हटलं, "बाळ, स्क्रीनकडे बघू नकोस. आधी त्यावर टॉवेल टाक आणि मागचं बटण दाबून बंद कर."

ती हसली. "काका, टॉवेल टाकून मी काय चाचपत बसू? आणि नुसतं बंद केलं तर उद्या चालू केल्यावर परत तसंच उघडं राहणार. शेअरिंगच काढायला पाहिजे."

यतीनने माझ्या हातातून फोन घेतला. फोल्डरवर जा, शेअरिंगमध्ये 'सर्वांसाठी' लिहिलंय ते काढ, पासवर्डशिवाय आत घेऊ नको असं लाव, वायफायच्या डब्याच्या सेटिंगमध्ये प्रितमने बाहेरून यायला जी वाट केलीय ती बुजव. ती एकेक करत होती, "हो", "झालं", "पुढे". किती हुशार पोरगी. मग यतीन म्हणाला, "एकदा फोल्डर उघड आणि आत आणखी काही नको असलेलं पडलंय का बघ. फाइल उघडून तपास, बिघडवली नाही ना."

मी त्याचा हात धरला, पण बोलून झालं होतं.

त्यानंतर चार मिनिटं तिकडून काहीच आवाज नाही. घड्याळात बघितलं म्हणून चार म्हणतोय. नेटवर्क गेलं असणार, या भागात जातंच. "हॅलो, हॅलो" करून माझा घसा सुकला. मग एकदम तिचा आवाज आला, अगदी स्वच्छ.

"झालं काका. आता बाहेरून कोणी येणार नाही."

"आतलं काही बघितलं नाहीस ना?"

"जे बघायला सांगितलं ते बघितलं. कॉम्प्युटरला पासवर्ड घातलाय, आल्यावर सांगते." आणि तिने ठेवला.

यतीनने स्वतःच्या फोनवरून करून पाहिलं. उघडत नाही. माझ्यावरून, नाही. आणखी एकाच्या फोनवरून, नाही. मी डोळे मिटून दोन मिनिटं उभा राहिलो. पोरीने फाइल उघडून मिटली असेल, सहाशे बारा ओळींत स्वतःचं नाव शोधायला तिला कुठे वेळ? जेवताना दोन पुऱ्या जास्त घेतल्या. नीलम म्हणाली, "गुडघे बरे झालेले दिसतायत."

२९ नोव्हेंबर, शनिवार. लुंबिनी

फोन मुका आहे. झाडाखाली भिक्षू पाठ म्हणत बसलेत. इतकी शांत जागा मी पाहिलेली नाही, आणि मी इथे बसून विचार करतोय की फाइल उघडली की ती नेमकी मी शेवटी लिहिलं त्याच ओळीवर उघडते का, वरून सुरू होते. आठवत नाही. यतीनला विचारलं तर म्हणाला, "जिथे सोडली होती तिथेच राहते. का?"

म्हटलं, असंच.

३० नोव्हेंबर, रविवार. श्रावस्ती

सिमकार्ड चालू झालं. स्वप्नालीला फोन केला, उचलला नाही. पुन्हा केला, नाही. पण वहिनींशी वीस मिनिटं बोलली.

मी सहज विचारलं, "काय म्हणतेय?"

वहिनी म्हणाल्या, "काही नाही हो. विचारत होती, आई, आजपर्यंत माझी किती स्थळं आली आणि प्रत्येकाने काय कारण दिलं. म्हटलं, हे काय मध्येच? एकेक सांगितलं. तिकडे लिहून घेत होती वाटतं."

नोंदी ठेवायची आवड असते काहींना. तिचं कामच तसलं, रिपोर्टांचं. मी स्वतःला हे पाच-सहा वेळा सांगितलं.

२ डिसेंबर, मंगळवार. भाईंदर पूर्व

घरी. स्वप्नालीने दारात पाण्याचा तांब्या आणून ठेवला होता, आईची बॅग उचलली, नीलमला वाकून नमस्कार केला. माझ्या हातावर चावी ठेवली. माझ्याकडे पाहिलं नाही, असं मला वाटलं. नीलम म्हणाली, प्रवासाने तुमचं डोकं फिरलंय.

कॉम्प्युटर बंद होता. चालू केला, पासवर्ड मागतोय. त्याच्यासमोर बराच वेळ नुसता बसून राहिलो. समोरचं दार वाजवायचा धीर झाला नाही.

३ डिसेंबर, बुधवार

दुपारी दोन वाजता ती स्वतःच आली. नीलम बाजारात गेलेली. बसली नाही. पासवर्ड टाकला, फाइल उघडली, आणि खुर्ची माझ्याकडे वळवली.

मी म्हटलं, "तू वाचलंस."

"हो."

मग मला जे येतं ते बोललो. की मला विचारलं तर मी खोटं कसं बोलू, की उद्या लग्नानंतर कळलं असतं तर तुलाच त्रास झाला असता, की मी तुझ्या बापाच्या जागी आहे. तिने सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही बोलली नाही, त्यामुळे माझं बोलणं आपोआप संपलं.

ती म्हणाली, "काका, फिटचं लपवायला मी कधी सांगितलं? पहिल्याच भेटीत मीच सांगणार होते, प्रत्येकाला. अठरा वर्षांत काही नाही, डॉक्टरांचं लेखी आहे, ते दाखवणार होते. सात ठिकाणी मला भेटच मिळाली नाही. मला वाटायचं, बायोडेटात काय वाईट आहे माझ्या?"

मी खाली बघत होतो.

"आणि नीरजला मी सांगितलंय. सप्टेंबरात, विहारात भेटलो तेव्हा. त्याला चालत होतं. आईला तो हळूहळू सांगणार होता, यात्रेहून आल्यावर. आता त्याची आई म्हणते, पोरीच्या घरच्यांनी फसवलं. त्याने कालपासून घरात जेवण सोडलंय."

मी म्हटलं, "मी सरूबाईंना भेटतो, समजावतो."

"तुम्ही नका भेटू," ती म्हणाली. पहिल्यांदा तिचा आवाज चढला, आणि मी दचकलो. या पोरीला मी दोन्ही हातांवर घेऊन जिना उतरलो होतो, आणि काल-परवापासून मी तिला भ्यायला लागलोय.

मग तिने स्क्रीनवर बोट ठेवलं. "सांगितलेलं कारण, खरं कारण. दोन रकाने केलेत. त्यांना कोणी सांगितलं, याचा रकाना नाहीये, काका."

दाराशी जाऊन म्हणाली, "आईला मी काही सांगितलेलं नाही. ते तुम्ही सांगायचं. रविवारपर्यंत. नाहीतर मी सांगेन, आणि माझं सांगणं जास्त लागेल तिला."

४ डिसेंबर, गुरुवार

सकाळी बसून नवा रकाना केला. वरपासून भरत आलो. दीडशे ओळींपर्यंत गेलो आणि थांबलो, कारण त्यातल्या त्रेसष्ट ठिकाणी 'मी' लिहावं लागलं. मला वाटत होतं, चार-पाच असतील. राजगीरला येऊन गेलेल्याने हे नेलं असेल की नाही, याची भीती अजून आहेच. पण तो अनोळखी माणूस यातल्या कोणाचं एवढं वाईट करू शकला नसता.

नीलमला सगळं सांगितलं. तिने कुकरची शिटी होईपर्यंत वाट पाहिली, गॅस बंद केला आणि म्हणाली, "मग इथे काय बसलात? रविवार कशाला बघताय?"

५ डिसेंबर, शुक्रवार

काल गेलो नाही. आज गेलो.

समोरचं दार म्हणजे माझ्या दारापासून सहा पावलं. मध्ये दोनदा परत फिरलो, एकदा चप्पल घातली नाही म्हणून, आणि शेजारच्या दारात जाताना मी कधीच चप्पल घालत नाही.

वहिनी जमिनीवर पेपर पसरून मेथी निवडत होत्या. उद्या चैत्यभूमीला जायचं, त्याच्या पुरीभाजीची तयारी. स्वप्नाली आत काम करत होती, दार लोटलेलं. "या भावजी, बसा. चहा टाकू?" म्हणाल्या. मी बसलो नाही. बसलो असतो तर चहा आला असता, आणि चहा प्यायल्यावर मी बोललो नसतो.

उभ्यानेच सांगितलं. आठही ठिकाणी फिटचं मीच सांगितलं. त्यानंतर ती पूर्ण बरी झाली हे एका ठिकाणीही सांगितलं नाही. मुलगी गोरी हवी असं आठांतल्या एकानेही म्हटलं नव्हतं. ते कारण माझं, मी घरात बसून बनवलेलं, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून.

वहिनी मेथीच्या काड्या मोडत राहिल्या. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. पुन्हा सांगायला तोंड उघडलं तर त्यांनी हाताने थांबवलं. मी शिव्यांची वाट बघत होतो. मला हाकलून दिलं असतं तर बरं वाटलं असतं.

मग त्यांनी विचारलं, "एकानेही नाही?"

"नाही वहिनी."

"म्हणजे रंगाचं कोणी बोललंच नव्हतं."

"नाही."

आत टाइप करण्याचा आवाज थांबला होता. वहिनींनी त्या दाराकडे बघितलं, मग हातातल्या जुडीकडे, आणि अगदी हळू आवाजात, जसं काही मी तिथे नाहीच असं बोलल्या.

"पाच वर्षं, भावजी, रोज आंघोळीच्या आधी मी तिच्या तोंडाला साय आणि डाळीचं पीठ चोळत आले. जोर लावून. ती डोळे मिटून गप्प बसायची. एकदा तिने विचारलं, आई, मी एवढी काळी आहे का गं? मी म्हटलं, आहेस."